पोस्टाने आलेली पदवी

बहीण सिल्वासाला असते असं म्हटलं, की गोव्यात पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे नेमकं कुठे रे?" मग मी सांगतो, रेल्वेने वापीला उतरायचं, रिक्षा धरायची, अर्ध्या-पाऊण तासात डोकमर्डी. खरं तर आपल्याला हा मुलूख एवढा परका वाटायला नको. दादरा-नगर हवेलीही आपल्यासारखीच पोर्तुगिजांकडे होती, फक्त ती आपल्याआधी सात वर्षं, २ ऑगस्ट १९५४ रोजी सुटली. ती सोडवायला गेलेल्यांत आपल्या आझाद गोमंतक दलाची माणसं होती, आणि सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळीही होती. पण तो विषय वेगळा.

पुढे करसवलती मिळाल्या म्हणून तिथे कारखाने आले, आणि कारखान्यांमागून माणसं आली. त्यांतलेच आमचे मेहुणे. १९९० साली धाग्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून गेले आणि तिथलेच झाले. आता त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तशाच एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, नऊ वर्षांचा अनुभव, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. सकाळी डोकमर्डीच्या रस्त्यावर उभं राहिलं की मराठी, गुजराती, हिंदी, भोजपुरी अशा चार भाषांत शिफ्टची घाई ऐकू येते. अब्दुल कलामांच्या नावाचं सरकारी कॉलेजही तिथेच आहे. पाठीला दप्तर लावलेली पोरं आणि हातात डबा घेतलेले कामगार एकाच वेळी रस्त्याला लागतात. सगळे साधारण एकाच वयाचे.

गेल्या पावसाळ्यात मी गेलो, तो गुरुवार होता. वार लक्षात राहायचं कारण असं, की शनिवारपर्यंत घरातून पंच्याऐंशी हजार रुपये भरायचे होते. भाच्याला मस्कतच्या एका नोकरीबद्दल विचारणा झाली होती आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की नुसत्या डिप्लोमावर तिकडे कुणी विचारत नाही, पदवी हवी. पाठोपाठ त्या पदवीची सोय करून देणाराही हजर झाला. त्याचं पत्रक मी वाचलं. घरबसल्या बी.टेक., एका वर्षात, नोकरी न सोडता, परदेशी शंभर टक्के मान्य. खाली बारीक अक्षरांत, जुन्या तारखेने नोंदणीची सोय.

बहिणीने पाटल्या काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "अगं, ही फसवणूक आहे." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुझी एम.ए. तरी कुठे वर्गात बसून झाली?"

मी गप्पच झालो. कारण ते खरं आहे. मी तेव्हा वाळपईकडच्या एका शाळेत मास्तर होतो. गोवा विद्यापीठ निघालं १९८५ साली, त्याआधी आपली सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली. रोज पणजीला जाऊन एम.ए. करणं नोकरी सांभाळून शक्य नव्हतं. मग बहिःस्थ म्हणून नाव नोंदवलं, रॉकेलच्या दिव्याखाली ज्ञानेश्वरी वाचली, परीक्षेला मुंबईला गेलो आणि १९८३ साली पास झालो. पदवी पोस्टाने घरी आली. पुढे उच्च माध्यमिकला शिकवू लागलो, तरी शिक्षकांच्या खोलीत कुणी "एम.ए. कुठून?" असं विचारलं की मी "मुंबई" म्हणायचो आणि विषय बदलायचो. बहिःस्थ हा शब्द तोंडातून निघायचा नाही. मी काही चोरी केली नव्हती. पण वर्गात बसून शिकलेले ते सोवळे आणि घरी बसून शिकलेले ते ओवळे, ही समजूत माझ्याही मनात होतीच. कदाचित तुमच्याही असेल.

त्या रात्री भाच्याशी बोलत बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तो विचारत होता तो प्रश्नच मुळात अर्धा आहे. "दूरस्थ पदवी परदेशी चालते का?" कुठली पदवी? कुणी दिलेली? कुठल्या देशात? कुठल्या कामाला? हे चार प्रश्न विचारल्याशिवाय या एका प्रश्नाला उत्तरच नाही. हो म्हणणाराही खोटं बोलतो आणि नाही म्हणणाराही.

आपल्या गोंयकारांना हे नवीन असू नये. १८४२ साली पणजीत एस्कोला मेडिका निघाली. तिथून बाहेर पडलेल्या आपल्या डॉक्टरांना खुद्द पोर्तुगालमध्ये तिथल्या डॉक्टरांच्या बरोबरीने व्यवसाय करता येत नसे, त्यासाठी तिकडे जाऊन पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. तेच डॉक्टर मोझांबिक, अंगोलात मात्र सरकारी आरोग्यसेवेत चालत, बहुतेक वेळा दुय्यम जागांवर. बघा, हे लोक वर्गात बसून शिकले होते, मुडदे फाडून शिकले होते. त्यांची पदवी दूरस्थ नव्हती. तरीही लिस्बनला तिची किंमत एक आणि आफ्रिकेत दुसरी. म्हणजे कागदाची किंमत तो कसा मिळवला यावर जेवढी ठरते, तेवढीच तो कुणासमोर ठेवला यावरही ठरते.

दुसरीकडे आमचे तारवटी. पिढ्यान् पिढ्या बोटीवर गेले, त्यांना कुणी पदवी विचारली नाही. त्यांना लागते सी.डी.सी. आणि ठरलेली प्रशिक्षणं. पोर्तुगीज पासपोर्ट करून स्विंडनला गेलेल्यांचंही तेच. गोदामात किंवा कारखान्यात कामाला लागताना पासपोर्ट बघितला गेला, पदवी नाही. ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रेक्झिटमुळे ती वाट बंद झाली. आता युरोपीय पासपोर्ट असला तरी नव्याने ब्रिटनमध्ये कामाला जाणाऱ्याला व्हिसा लागतो. म्हणून तर आपल्याकडेही आता पोरं पदवीचं विचारू लागली आहेत.

तर ते चार प्रश्न. पहिला, कुठली पदवी?

अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ पद्धतीने आपल्याच देशात चालत नाही, परदेश तर पुढची गोष्ट. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ नंतर अशा पदव्या वाटल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निकाल लावला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा पास होण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द. अनेकजण तोवर नोकरीत मुरले होते, काहींना त्या पदवीवर बढतीही मिळाली होती. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र हे विषयही दूरस्थ पद्धतीने शिकवायला यूजीसीच्या नियमांत परवानगी नाही. उघडच आहे. पत्रातून शिकलेल्याकडून शस्त्रक्रिया कोण करून घेईल?

पण बी.ए., बी.कॉम., एम.ए. अशा अभ्यासक्रमांचं तसं नाही. मान्यता असलेल्या विद्यापीठाने मान्यता असलेला अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन दिला, तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे माझ्या एम.ए.ने लाजायचं कारण नव्हतं. हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

दुसरा प्रश्न, कुणी दिलेली?

इग्नू १९८५ साली संसदेच्या कायद्याने झालं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली महाराष्ट्राच्या कायद्याने. या संस्था परीक्षा घेतात आणि नापासही करतात. यातही एक मेख आहे, आणि ती डोकमर्डीसारख्या ठिकाणी नेमकी आडवी येते. इग्नू देशभर चालतं, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही. सिल्वासाच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्र. तलासरीकडे सीमा ओलांडली की नाशिकचं केंद्र चालेल, अलीकडे कुणी त्या नावाची पाटी लावली तर ती चालणार नाही. जवळ आहे, मराठी आहे, म्हणून आपलं आहे, असं कायदा मानत नाही. सीमेवर राहणाऱ्यांनी, म्हणजे बेळगाव-कारवारच्या लोकांनीही, हे आधी बघून घ्यावं. विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाची परवानगी कुठल्या वर्षी आणि कुठल्या अभ्यासक्रमाला आहे, ते यूजीसी जाहीर करत असतं. परवानगी त्या-त्या वर्षांपुरती आणि त्या-त्या अभ्यासक्रमापुरती असते. त्यामुळे "विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे" एवढ्या वाक्यावर पैसे भरू नयेत.

तिसरा, कुठला देश?

आखातात पदवी लागणाऱ्या हुद्द्यावर जायचं तर कागदांची एक मोठी यात्रा असते. आधी आपल्या राज्याच्या किंवा प्रदेशाच्या प्रशासनाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या दूतावासाचा. जे देश अपोस्टिलच्या करारात आहेत, तिथे दूतावासाचा टप्पा वाचतो. भारतात तो करार २००५ पासून लागू आहे, ओमानमध्ये २०१२ पासून. अमिराती आणि कुवेत त्यात नाहीत. पण लक्षात घ्या, हे शिक्के कागद खरा आहे एवढंच सांगतात. तो पुरेसा आहे असं सांगत नाहीत. अमिरातीत पदवीची समतुल्यता ठरवायची वेळ आली की शिक्षण कोणत्या पद्धतीने झालं हे वेगळं विचारलं जातं, आणि तिथे कितीतरी जण अडकतात. कुवेतमध्ये तर २०१८ साली आपल्याकडच्या वर्गात बसून शिकलेल्या इंजिनिअरांचीही अडचण झाली. तिथल्या अभियंत्यांच्या संस्थेने भारतातल्या एनबीए या मंडळाची मान्यता असलेलेच अभ्यासक्रम धरायचे ठरवलं, आणि चांगल्या कॉलेजांतून शिकून वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्यांवर हुद्दा गमावायची पाळी आली. सोवळं-ओवळं तिकडे असं निराळंच ठरतं.

कॅनडाला कायम राहायला जाणाऱ्याची पदवी ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट मागवतात, तुमच्या हातून घेत नाहीत. जुन्या तारखेच्या पदव्यांचं पितळ तिथेच उघडं पडतं. जर्मनीत अनाबिन नावाची सूची आहे, जगभरच्या विद्यापीठांची तिकडे काय किंमत धरतात ते तिच्यात घरबसल्या बघता येतं. त्याच जर्मनीत संगणकाच्या कामासाठी पुरेसा अनुभव आणि तसा पगार असेल तर पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं, हा बदल नोव्हेंबर २०२३ चा. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाच्या नियमांत कामाची तीन वर्षं म्हणजे कॉलेजचं एक वर्ष, असा हिशेब करायची सोय फार पूर्वीपासून आहे. जग एका बाजूला कागद बारकाईने तपासतंय आणि दुसऱ्या बाजूला अनुभवाची किंमतही करतंय. आपले एजंट मात्र यातलं काहीच सांगत नाहीत, कारण अनुभव विकता येत नाही.

चौथा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, काम कुठलं?

ज्या कामाला परवाना लागतो, म्हणजे डॉक्टर, नर्स, शिक्षक, किंवा सही करणारा इंजिनिअर, तिथे पद्धत विचारतात, तास विचारतात, प्रात्यक्षिकं विचारतात. तिथे दूरस्थ पदवीवर विसंबू नये. ज्या कामाला परवाना लागत नाही, म्हणजे हिशेब, विक्री, कार्यालय, व्यवस्थापन, संगणक, तिथे खऱ्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी पुष्कळदा चालते, आणि मालक शेवटी बघतो तो अनुभवच. आणि ज्या कामाला पदवीच लागत नाही, तिथे तिच्यासाठी पाटल्या मोडणं हा निव्वळ वेडेपणा.

शुक्रवारी भाच्याला मी दोन फोन करायला लावले. पहिला मस्कतच्या नोकरीसाठी विचारणा करणाऱ्याला. त्याचं उत्तर अगदी साधं निघालं. त्यांना डिप्लोमा आणि अनुभवाची पत्रं हवी होती, पदवीचा विषय त्यांनी काढलाच नव्हता. दुसरा फोन पत्रकवाल्याला. या अभ्यासक्रमाच्या परवानगीचं पत्र आणि परीक्षेचं वेळापत्रक द्या, एवढंच विचारायला सांगितलं. "नंतर पाठवतो" म्हणाला. ते पत्र आजतागायत आलेलं नाही. बहिणीने पाटल्या परत हातात घातल्या. माझ्याशी मात्र दोन दिवस नीट बोलली नाही, कारण तिचा टोमणा मला लागला होता हे तिलाही कळलं होतं.

त्या टोमण्याचं उत्तर मला निघायच्या आदल्या रात्री सुचलं. मी तिला म्हटलं, "बाय, माझा वर्ग लांब होता, परीक्षा लांब नव्हती. ती मी मुंबईला जाऊन, तीन-तीन तास बसून दिली. हा माणूस वर्गही लांब ठेवतो आणि परीक्षाही." तिला पटलं असावं. चहा तरी मिळाला.

इथे लेख संपवता आला असता. पण भाच्याने शेवटी विचारलेला एक प्रश्न माझ्याबरोबर गोव्यापर्यंत आला. तो म्हणाला, "मामा, तुमचं सगळं बरोबर. मस्कतला मी डिप्लोमावर जाईन. पण उद्या मला खरंच इंजिनिअर व्हायचं असेल तर? नोकरी सोडता येत नाही. दूरस्थ चालत नाही. मग मी कायमचा डिप्लोमावालाच?"

पूर्वी याला उत्तर होतं. ए.एम.आय.ई. कलकत्त्याच्या इंजिनिअरांच्या संस्थेची परीक्षा. कारखान्यात आठ तास काढून, रात्री अभ्यास करून, एकेक पेपर सोडवत इंजिनिअर झालेली माणसं माझ्या पिढीत घरोघर सापडतील. ती शॉर्टकटची पदवी नव्हती, उलट नेहमीच्यापेक्षा अवघड. पण मे २०१३ नंतर त्या परीक्षेला नाव घातलेल्यांना ती पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. दार बंद झालं. एआयसीटीईने २०२३ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग काढायची मुभा दिली आहे, चांगलं आहे. पण तो वर्ग शिफ्ट सुटल्यावर पोचण्याइतका जवळ हवा ना? नाहीतर मुभा कागदावर आणि मुलगा मशीनवर.

मला वाटतं, खरा विषय हाच आहे. बनावट पदव्या विकणाऱ्यांना आपण शिव्या देतो, द्यायलाच हव्यात. पण त्यांचं दुकान चालतं, कारण शिकायची इच्छा असलेल्या कमावत्या माणसाला खरं दार जवळपास सापडत नाही. बनावट बंद करायला जेवढी तत्परता दाखवली, तेवढी खरं उघडायला दाखवली नाही. जिथे औद्योगिक वसाहत आहे, तिथे संध्याकाळचा एक वर्ग असायलाच हवा. सिल्वासाला हवा, आपल्या वेर्ण्याला आणि कुंडईलाही हवा. आणि आपण सुशिक्षितांनी बहिःस्थ, मुक्त, दूरस्थ या शब्दांकडे नाक मुरडणं सोडायला हवं. आपण नाक मुरडतो, म्हणूनच तो पत्रकवाला "रेग्युलरसारखीच दिसेल" असं सांगून गिऱ्हाईक पटवतो.

म्हणून मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. आता कुणी विचारलं, की सांगतो. एम.ए., मुंबई विद्यापीठ, १९८३, बहिःस्थ.

भाच्याने डिप्लोमाचे कागद शिक्क्यांसाठी पाठवले आहेत. मस्कतचं जमेल तेव्हा जमेल. मधल्या काळात त्याने इग्नूच्या बी.कॉम.ला नाव घातलं. "मशीन येतं, हिशेब येत नाही, तो शिकतो," म्हणाला. परदेशी त्याचा उपयोग होईल का, हे त्याने या वेळी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पहिल्या परीक्षेला मात्र रजा टाकून जाणार आहे.